टेस्टच्या आधी नक्की किती सराव हवा? तास मोजायचे की आणखी काही?

नवखी

नमस्कार मंडळी. मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक शिकते आहे. क्लासचे १४ तास झाले, शिवाय शेजारी लायसन्सवालं माणूस बसवून घरच्या गाडीवर ५ तास. सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरपर्यंत काही अडत नाही. अडतं ते तीन ठिकाणी. चढावर दर चार वेळांत एकदा गाडी बंद पडते. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग कुठे फिरवायचं हे थांबून आठवावं लागतं. आणि शेजारून कोणी "आरसा" म्हटल्याशिवाय आरशात बघायचं डोक्यात येत नाही.

टेस्ट दोन भागांत आहे: आधी मैदानात आठचा आकडा, रिव्हर्स आणि चढ, मग रस्त्यावर फेरी. क्लासवाले म्हणतात, "तुमचं झालंय, देऊन टाका." घरचे म्हणतात अजून महिनाभर थांब. अंदाजे किती तास म्हणजे पुरे? आणि ते नेमके कशावर घालवायचे?

अर्धा क्लच

आकडे हवेच असतील तर आधी घ्या, मग ते बाजूला का ठेवायचे ते सांगतो.

ब्रिटनमध्ये पास होणाऱ्यांची सरासरी ४५ तास शिकवणी आणि वर २२ तास घरचा सराव अशी तिथलं सरकारी परीक्षा खातं सांगतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या शिकाऊला १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. जर्मनीत साध्या सरावाला तासांचं बंधन नाही, पण ४५ मिनिटांच्या १२ खास फेऱ्या सक्तीच्या: ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ ऑटोबानवर (तिथला द्रुतगती महामार्ग), ३ अंधारात. भारतात लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, त्या दिवसांत गाडीला हात लावलात की नाही हे कोणी विचारत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा २०२१ पासूनचा अभ्यासक्रम मात्र चार आठवड्यांत २९ तासांचा आहे, पैकी २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे.

म्हणजे २१ पासून १२० पर्यंत काहीही. न्यू साउथ वेल्सचे १२० तास टेस्टपुरते नाहीतच. लायसन्स मिळाल्यावर एकट्याने चालवण्याचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, त्यांची ती तयारी आहे. टेस्टपुरतं विचारत असाल तर मॅन्युअलवर शून्यापासून शिकणाऱ्याला ३० ते ४० तास लागतात असं मी धरतो. पण हे तास स्टिअरिंग हातात असलेले. एका गाडीत तिघं शिकणारे असतील तर क्लासच्या तासातली तुमच्या वाट्याला २० मिनिटंच येतात. तुमचे १४ तास घड्याळाने किती भरतात ते आधी प्रामाणिकपणे मोजा.

आता मुद्दा. चढ चारात तीनदा जमतो, म्हणजे टेस्टमध्ये एकदाच करायचा असला तरी चारात एकदा तिथेच खेळ आटोपला. चढ, रिव्हर्स आणि आठ या तिन्ही गोष्टी चारात तीनदा जमत असतील, तर एकाच दिवशी तिन्ही जमण्याची शक्यता १०० त ४२ उरते. तेच प्रत्येक गोष्ट वीसात एकोणीस वेळा जमू लागली की ८६. सरावाचा हेतू हा आकडा वर नेणं. म्हणून तास न मोजता "सलग किती" ते मोजा. प्रत्येक कामाला सलग दहा, कोणी न बोलता, न थांबता. नवव्याला चुकलं तर पुन्हा एकपासून. आणि असे सलग दहा दोन वेगवेगळ्या दिवशी. ते झालं की ते काम झालं, मग त्याला दोन तास लागोत की नऊ.

चढाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच बंद पडते.

आधी सपाट जागेवर, ॲक्सिलरेटरला पायच न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलवा. टाच जमिनीला टेकलेली, पायाचा पुढचा भाग हळूहळू वर. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा (आरपीएमचा) काटा किंचित खाली येतो, बॉनेट बोटभर उचललं जातं. तोच हाफ क्लच. तिथे पाय दोन सेकंद गोठवा, गाडी स्वतःहून सरकू लागेल. मीटरभर गेली की क्लच खाली, ब्रेक. असं २५-३० वेळा करा. आजकालच्या इंजिनांत संगणक रेस सांभाळतो, त्यामुळे पाय हळू असेल तर सपाटीवर गाडी बंद पडत नाही. पडली तर पाय घाईत आहे एवढाच अर्थ.

मग चढ. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, काटा १५०० ते २००० च्या मध्ये स्थिर धरा, क्लच त्याच बिंदूपर्यंत आणा. बॉनेट वर उचललं जाईल आणि गाडीचं मागचं अंग किंचित बसेल. आता पाय न हलवता हँडब्रेक सोडा. गाडी जागेवर उभी राहिली किंवा पुढे सरकली तर बिंदू बरोबर. मागे घरंगळली तर क्लच अजून खाली आहे. इंजिन थरथरायला लागलं तर क्लच जास्त वर आलाय किंवा रेस कमी आहे.

बंद पडण्याचं खरं कारण पुढच्या अर्ध्या सेकंदात असतं. हँडब्रेक सुटला, गाडी दोन बोटं मागे गेल्यासारखी वाटली, की डावा पाय घाबरून झटकन वर येतो आणि इंजिन गुदमरतं. घरंगळलीच तर आधी पायाचा ब्रेक, मग क्लच पूर्ण खाली, हँडब्रेक, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सावरणंसुद्धा मुद्दाम दहा वेळा करा. हिल असिस्ट असलेल्या गाडीत ब्रेक सोडल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवली जाते, पण त्याच्या भरवशावर शिकू नका. टेस्टच्या गाडीत ते असेलच असं नाही.

एक पथ्य: चढावर हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवू नका. पाच-सहा प्रयत्नांनंतर दोन-तीन मिनिटं गाडी सपाटीवर उभी करा. जळका वास आला म्हणजे क्लच प्लेट तापलीय, त्या दिवसापुरता चढ बंद.

मागचा आरसा

वरच्या "कोणी न बोलता" या शब्दांना +१. त्यात एक भर: "कोणी पाय न लावता".

क्लासच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक असतात, आणि ते तुमच्या पेडलांना सळईने किंवा केबलने जोडलेले असतात. शिकवणारे चांगल्या हेतूने, सवयीने ते दाबत असतात. गाडी बंद पडायच्या बेतात असते, त्यांचा क्लच अर्धा इंच खाली जातो, गाडी वाचते, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला जमलं. ओळखायची खूण तुमच्याच पायाखाली आहे. तुम्ही दाबत नसताना पेडल आपोआप खाली गेलं, किंवा क्लच सोडताना तो मधेच मऊ लागला, तर तो दुसरा पाय आहे. चौकात थांबताना ब्रेक तुमच्या अंदाजापेक्षा जोरात लागला, तर तोही बहुधा तुमचा नाही.

म्हणून पुढच्या क्लासला सरळ सांगा: "आज अर्धा तास दोन्ही पाय गाडीच्या तळाला टेकवून बसा आणि फक्त कुठे वळायचं तेवढं बोला. अपघात होत असेल तरच ब्रेक." त्या अर्ध्या तासात त्यांना किती वेळा तोंड किंवा पाय वापरावा लागला, तो आकडा लिहून ठेवा. तुम्ही कुठे आहात हे या आकड्याइतकं स्पष्ट कशातूनच कळत नाही. तो सलग तीन वेळा शून्य आला की तारीख घ्या. क्लासवाल्यांचं "झालंय तुमचं" खरंही असेल, पण त्यांना पुढची बॅचही घ्यायची असते.

आता आरसा. "आरसा आठवत नाही" ही विस्मरणाची तक्रार नाही. क्लच, गिअर, स्टिअरिंग यांत सगळं लक्ष अडकलेलं असतं, आरशासाठी जागाच उरत नाही. गिअर बोटांत बसला की आरसा निम्मा आपोआप येतो. उरलेल्या निम्म्यासाठी तो दुसऱ्या कामाला बांधावा लागतो. इंडिकेटरला हात जाण्याआधी आरसा. ब्रेकवर पाय ठेवण्याआधी मधला आरसा. बाजूला सरकण्याआधी त्या बाजूचा आरसा आणि मग खांद्यावरून एक नजर, कारण आरशात न दिसणारा पट्टा गाडीच्या मागच्या दाराच्या आसपास असतो आणि दुचाकी त्यात सहज लपते. क्रम ठरलेला: आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर, आणि शेवटी स्टिअरिंग. पुष्कळजण इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकदमच देतात. मग तो इशारा कसला, ती नुसती बातमी झाली.

सवय लागेपर्यंत मोठ्याने बोलत चालवा. "मागे पांढरी गाडी, जवळ. पुढे झेब्रा, एक माणूस कडेला उभा. रेस सोडली. दुसरा गिअर." शेजारच्याला विचित्र वाटेल, वाटू दे. बोलताना तुम्ही अडखळलात, तर त्या क्षणी तुम्ही रस्ता बघत नव्हता हे दोघांनाही कळतं. १५ मिनिटं रोज, दोन आठवडे.

टेस्ट घेणाऱ्याला तुमची बुबुळं दिसत नाहीत, मान दिसते. आरशात बघताना मान किंचित हलू द्या. हा देखावा वाटेल, पण बघूनही "बघितलं नाही" अशी नोंद होण्यापेक्षा बरा. ब्रिटनमधल्या नापास होण्याच्या कारणांच्या यादीत चौकात नीट न बघणं वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर असतं आणि दिशा बदलताना आरसा न वापरणंही त्याच्या आसपासच. तिथे १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर चूक एकही चालत नाही; आणि चौकात न बघणं सहज गंभीर ठरतं.

आरसे लावलेच चुकीचे असतील तर बघून उपयोग नाही. बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीचा पत्रा आतल्या कडेला जेमतेम पट्टीभर दिसावा, आणि रस्ता जिथे आभाळाला मिळतो ती रेष आरशाच्या मधोमध. निम्मा आरसा आपल्याच दाराने भरलेला असेल तर तो नटण्याचा आरसा आहे. त्याआधी सीट: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. सीट मागे असेल तर क्लच पूर्ण दाबला जात नाही, गिअर कुरकुरतो, आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

नवखी

पेडल मऊ लागण्याचं वर्णन वाचून पोटात गोळा आला. 😅 ते मला नेहमीचंच वाटत होतं.

अजून एक. आठच्या आकड्यात पुढची चाकं रेषेच्या आत नीट असतात, तरी आतलं मागचं चाक रेषेवर जातं. स्टिअरिंग कमी फिरवलं तर बाहेरची रेषा जवळ येते. यात चूक काय होतेय? आणि रिव्हर्सचं कोणी सोपं करून सांगेल का?

गतिरोधक

चूक तुमच्या हाताची नाही, गाडीच्या लांबीची आहे. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आत कापत जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी घ्या. आतलं पुढचं चाक ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल, तर आतलं मागचं चाक सुमारे ४.३ मीटरवर फिरतं. म्हणजे जवळजवळ ६५ सेंटिमीटर आत. पुढचं आतलं चाक रेषेपासून फूटभर लांब ठेवून तुम्ही समाधान मानलंत, तर मागचं केव्हाच रेषेच्या पलीकडे.

उपाय स्टिअरिंग कमी फिरवणं नाही, बाहेरून जाणं. आठात शिरतानाच बाहेरच्या रेषेजवळ राहा. बाहेरचं पुढचं चाक त्या रेषेपासून वीतभर आत ठेवलंत की आतल्या बाजूची जागा आपोआप सुटते. वळण सुरू झालं की स्टिअरिंग एकाच ठिकाणी धरून ठेवा, सारखं कमी-जास्त करू नका. मधल्या फुलीवर गाडी क्षणभर सरळ असते, पण स्टिअरिंग सरळ करायला फुलीच्या आधी सुरुवात करावी लागते, गाडी फुलीवर पोचल्यावर नाही. उशीर झाला की दुसरं वर्तुळ आतून सुरू होतं, आणि मग मागचं चाक वाचत नाही.

वेग: पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेस नाही. बऱ्याच पेट्रोल गाड्या अशा ताशी ६-८ किलोमीटरने रांगतात, आठला तेवढं भरपूर. त्याहून हळू हवं असेल तिथेच हाफ क्लच. नजर बॉनेटवर नको, पुढच्या पाव वर्तुळावर. बॉनेटकडे बघणाऱ्याचं स्टिअरिंग नेहमी उशिरा फिरतं.

रिव्हर्सचा नियम एकच: मागे जाताना गाडीचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला स्टिअरिंग. उलटं काही नसतं. उलटं वाटतं कारण त्याच वेळी गाडीचं नाक विरुद्ध बाजूला झुकतं, आणि आपली नजर सवयीने नाकावर असते. म्हणून मागे बघून गाडी हलवा, नाक कुठे लागतंय ते मधूनमधून तपासा. भिंतीजवळून रिव्हर्स घेताना मागचं सगळं नीट निघतं आणि पुढचा बंपर घासतो, तो याच कारणाने.

सरावाला आधी ३० मीटर सरळ रिव्हर्स. क्लचवर वेग माणसाच्या सावकाश चालीएवढा. गाडी भरकटू लागली की पाव फेरा द्या आणि लगेच तेवढाच परत घ्या. नवशिके पाव फेरा देतात, परिणाम दिसायला एक-दीड मीटर जावं लागतं तेवढा धीर धरत नाहीत, आणखी अर्धा फेरा देतात, आणि मग गाडी सापासारखी जाते. वेग निम्मा केलात तर हाच हात बरोबर ठरतो.

टेस्टमध्ये नसलं तरी कडेला दोन गाड्यांच्या मधे लावणं शिकून घ्या, त्यात वरचं सगळं एकत्र येतं. जागा गाडीच्या दीडपट, म्हणजे ४ मीटरच्या गाडीला ६ मीटर. पुढच्या गाडीला समांतर उभे राहा, मधे अर्धा ते पाऊण मीटर. सरळ मागे या. दोघांचे मागचे बंपर एका रेषेत आले की कडेच्या बाजूला पूर्ण कट, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवा. गाडी साधारण ४५ अंशांत आली की चाकं सरळ. आता तुमचा पुढचा बंपर पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटेपर्यंत मागे या, आणि सुटला की उलट बाजूला पूर्ण कट. मागचं चाक फुटपाथला लागलं तर कोन जास्त झाला किंवा उलटा कट उशिरा दिलात. कडेपासून मीटरभर लांब राहिलात तर तोच कट लवकर दिलात. दर वेळी उतरून अंतर बघा, आत बसून ते कळत नाही. खुणेला वाळू भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या चालतात; रिकाम्या ठेवल्यात तर वारा परीक्षा घेतो.

न्यूट्रल

सगळं पटलं, पण "सलग दहा" बद्दल थोडा मतभेद. एकाच मैदानात, एकाच चढावर सलग दहा म्हणजे पुष्कळदा त्या जागेचं पाठांतर असतं. "तो खांब दाराच्या काचेत आला की कट" असं शिकलेला माणूस दुसऱ्या मैदानात खांब शोधत बसतो. म्हणून दहातले निदान चार वेगळ्या जागी करा. चढही दोन हवेत, एक सौम्य, एक खडा. आणि एकाच कामाचे दहाही सलग रेटू नका: दोन चढ, एक रिव्हर्स, एक आठ, पुन्हा चढ. सरावाच्या दिवशी निकाल वाईट दिसतो, आठवडाभराने मात्र टिकलेलं जास्त असतं. टेस्टमध्ये तरी चढ सलग दहा वेळा कोण देतं?

तेच तासांच्या वाटणीचं. दहा तास दोन रविवारी पाच-पाच असे संपवू नका. रोज ४५ ते ६० मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. नवशिक्याचं लक्ष तासाभरानंतर उतरतं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात झालेल्या चुकाच हातात बसतात.

मैदानाला फार वेळ देऊन रस्ता राहून जातो, तेही टाळा. नवखीच्या जागी मी १८ तास ठेवले असते: ५ मैदानात, १० रस्त्यावर, ३ अंधारात किंवा पावसात. रस्त्यावरचे दहा नुसते "चक्कर मारून येऊ" असे नकोत. समोरून येणारी वाहनं ओलांडून वळणं, सिग्नल नसलेले चौक, गोल चौक, उभ्या वाहनाला वळसा, अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देणं, हे प्रत्येकी पंधरा-वीस वेळा झालं पाहिजे. सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये तासभर गेलात तर त्या तासात शिकण्यासारखी पाच मिनिटंच असतात.

अंतराचं भान मैदानात येतच नाही. ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच १४ मीटर संपले; कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण तेवढेच. म्हणून पुढची गाडी खांबाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. ओल्या रस्त्यावर हे दुप्पट.

ऑटोमॅटिकवर शिकणाऱ्यांसाठी अवांतर: तुमचा क्लचचा वेळ वाचतो, बाकी काहीच नाही. नजर, अंतर, चौक, रिव्हर्स तेवढंच शिकावं लागतं. ब्रेक सोडताच गाडी रांगते याचा मात्र वेगळा सराव हवा, आणि डाव्या पायाला सुट्टी द्या. तो सवयीने क्लच शोधायला गेला तर ब्रेकवर पडतो. ब्रिटनसारख्या ठिकाणी ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, तेव्हा आधी तिथला नियम बघा.

नवखी

१८ तास म्हणजे रोज तासभर, आठवड्यातून चार दिवस धरले तर साडेचार आठवडे. जमेल. मग तारीख आत्ताच घेऊन ठेवू का? आणि टेस्टला गाडी क्लासची असणार, सराव मात्र बराचसा घरच्या गाडीवर होईल. चालेल ना?

अर्धा क्लच

न्यूट्रल, जागा बदलण्याचं मान्य. माझ्या दहात ते घाला.

नवखी, तारीख सहा आठवड्यांनंतरची घ्या. साडेचार आठवडे कागदावर असतात, पाऊस, ताप आणि पाहुणे त्यात धरलेले नसतात. दहा दिवस आधी मागचा आरसांनी सांगितलेली मुकी फेरी करा, पूर्ण ४० मिनिटं, शक्यतो अनोळखी रस्त्यावर. शेजारच्याला एकदाही पाय किंवा तोंड घालावं लागलं तर तारीख पुढे ढकला. ढकलण्याची मुदत किती दिवस आधी संपते ते आजच बघून ठेवा.

गाडीचं: घरच्या गाडीवर सराव जरूर करा, पण शेवटचे चार तास टेस्टच्याच गाडीवर. क्लासच्या गाडीचा क्लच अनेक हातांनी, म्हणजे पायांनी, झिजलेला असतो. त्यात प्लेट झिजली की हाफ क्लचचा बिंदू बहुधा वर सरकतो. घरच्या गाडीत पेडल थोडं उचललं की गाडी हलते, तिथे ते जवळजवळ पूर्ण वर आल्यावर. डिझेल असेल तर आणखी फरक: कमी रेसवर जोर जास्त, त्यामुळे चढावर सोपी, पण क्लच पटकन सोडला तर हिसका मोठा. ब्रेकही आधी एकदा रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात दाबून बघा. रिव्हर्स गिअर कुठे आहे, दांडा खाली दाबून टाकायचा की कडी उचलून, हे हातानेच माहीत झालं पाहिजे.

टेस्टच्या दिवशी पातळ, सपाट तळव्याचे बूट, तेही सरावात वापरलेलेच. आधी अर्धा-पाऊण तास गाडी चालवा, पण नवीन काही शिकू नका. दोन चढ, एक रिव्हर्स, थोडा रस्ता, बस. टेस्टमध्ये गाडी बंद पडलीच तर क्लच खाली, ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल, चालू, आरसे, आणि निघा. सावकाश. रस्त्यावरच्या टेस्टमध्ये एकदा बंद पडणं बहुतेक ठिकाणी निभावतं. त्यानंतर घाबरून आरसा न बघता निघणं किंवा मागे घरंगळणं निभावत नाही.

आणि निघण्याआधी त्या गाडीत इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. काही गाड्यांत तो वायपरच्या जागी असतो, आणि मग पहिल्याच वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात.